जपानी हिरव्या चहाची बैठक: चार-पाच जणांनी मिळून चहा कसा चाखावा, कसा ताडून पाहावा

जपानी हिरवा चहा एकट्याने प्यायला की तो आवडला किंवा नाही आवडला, एवढाच निकाल लागतो. तोच चहा दुसऱ्या एका चहाच्या शेजारी ठेवून प्यायला, की त्यात तुरटपणा किती, गोडवा किती, वास ताज्या पानाचा आहे की भाजल्याचा, हे लक्षात येऊ लागतं. सोबत आणखी चार जण असतील तर आपल्या जिभेला जे निसटलं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतं. म्हणून हा चहा शिकायचा असेल तर बैठक भरवावी, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. चार-पाच माणसं, तीन-चार चहा, दोन तास आणि चांगलं पाणी पुरतं. एक नियम मात्र शेवटपर्यंत पाळायचा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन चहांची जात वेगळी, प्रांत वेगळा, हंगाम वेगळा आणि वर एकाला उकळतं पाणी, दुसऱ्याला कोमट, असं झालं तर ‘हा वेगळा लागतो’ यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नाही. पुढची बहुतेक खटपट या एका नियमासाठी आहे.

कोणते चहा शेजारी ठेवावेत

उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी सेन्चा (जपानमधला नेहमीचा पानांचा हिरवा चहा), ग्योकुरो, माचा, होजिचा आणि गेन्माइचा असे पाचही डबे उघडले जातात. मजा येते, पण शिकायला काही मिळत नाही. होजिचा भाजलेला असतो, गेन्माइचात भाजलेला तांदूळ असतो. ते डोळे मिटूनही ओळखू येतात. माचाची तर भुकटी आपण पाण्यासकट पितो, त्यामुळे त्याची तुलना गाळलेल्या चहाशी करूच नये. त्याला वेगळा दिवस द्यावा. बैठकीत जवळचे नातलग शेजारी बसवायचे.

पहिल्या बैठकीसाठी मी वाफेची जोडी सुचवेन. जपानमध्ये खुडलेली पानं लवकरात लवकर वाफवतात. त्या उष्णतेने पानातली विकरं निकामी होतात आणि पान काळवंडत नाही. नेहमीच्या सेन्चाला साधारण ३० ते ४० सेकंद वाफ मिळते. फुकामुशी, म्हणजे जास्त वाफवलेल्या, सेन्चाला मिनिटभर किंवा त्याहून जास्त. जास्त वाफवलेलं पान मऊ पडतं आणि पुढे वळताना तुटतं, म्हणून फुकामुशीच्या पाकिटात बराच चुरा दिसतो. तो चाळून उरलेला हलका माल आहे असा समज करून घेऊ नका. या चुऱ्यामुळेच त्याचं पाणी गडद हिरवं, थोडं गढूळ आणि दाट उतरतं, आणि तुरटपणाची धार बोथट होते. कमी वाफवलेल्या सेन्चाचं पाणी पिवळसर, नितळ असतं आणि वास जास्त उठून येतो. हा फरक नवख्या माणसालाही पहिल्या घोटात कळतो, त्यामुळे बैठकीला आत्मविश्वास येतो.

दुसरी जोडी, खरं तर तिकडी, सावलीची: सेन्चा, काबुसेचा आणि ग्योकुरो. सेन्चाची झुडपं उघड्या उन्हात वाढतात. काबुसेचाची झुडपं खुडणीआधी आठवडा-दोन आठवडे झाकतात, ग्योकुरोची साधारण २० दिवस किंवा अधिक. चहाच्या मुळात थिॲनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होतं, ते पानात येतं आणि उन्हात त्याचं रूपांतर कॅटेचिनमध्ये होत जातं. थिॲनिन म्हणजे गोडसर, भरदार चव. कॅटेचिन म्हणजे तुरटपणा. ऊन अडवलं की हे रूपांतर मंदावतं. तिन्ही चहा ओळीने चाखले तर सावली वाढत गेल्यावर तुरटपणा मागे सरतो आणि उमामी, म्हणजे ती भरदार चव, पुढे येते, हे एकाच बैठकीत जिभेवर उलगडतं. माझ्या मते जपानी चहाचं सगळ्यात सुंदर प्रात्यक्षिक हेच.

तिसरी जोडी झाडाच्या वाणांची. जपानमधल्या चहाच्या लागवडीचा मोठा भाग आजही याबुकिता या एकाच वाणाचा आहे. शिझुओकातल्या सुगियामा हिकोसाबुरो यांनी तो १९०८ मध्ये निवडला. म्हणून याबुकिता मोजपट्टी धरावा आणि त्याच्या शेजारी साएमिदोरी ठेवावा. साएमिदोरी हा याबुकिता आणि आसात्सुयु यांचा संकर. रंग जास्त हिरवा, तुरटपणा कमी. वासात रस असलेल्यांनी कोशुन शोधावा, त्याचा सुगंध फुलांकडे झुकतो. शक्यतो एकाच उत्पादकाचे, एकाच वर्षाचे वाण घ्या.

चौथी जोडी वाफवलेला आणि कढईत परतलेला. क्यूशू बेटावर, उरेशिनोच्या भागात आणि मियाझाकीच्या डोंगरांत, कामाइरिचा नावाचा चहा गरम कढईत परतून करतात. चीनमध्ये हिरवा चहा बहुधा असाच होतो. सेन्चाच्या शेजारी तो प्यायलात तर वाफेने चवीत काय येतं ते लगेच कळेल.

प्रांतांची तुलना सगळ्यांना आधी करावीशी वाटते: उजी, शिझुओका, कागोशिमा, यामे. मी ती सर्वांत शेवटी ठेवतो. कागोशिमाचा चहा आणि उजीचा चहा वेगळा लागला, तर तो मातीमुळे, वाणामुळे, सावलीमुळे की वाफेमुळे, हे सांगणं अवघड असतं, कारण या चारही गोष्टी प्रांतागणिक बदलतात. शिवाय चित्रही हलतं आहे. कच्च्या, म्हणजे शेवटच्या शेकणीआधीच्या, चहाच्या उत्पादनात पिढ्यानपिढ्या पहिली असलेली शिझुओका २०२४ मध्ये कागोशिमाच्या मागे पडली. आधीच्या जोड्या जिभेला सरावल्या की प्रांताच्या तुलनेला खरा अर्थ येतो.

खरेदी करताना हंगाम पाहा. पहिली खुडणी, म्हणजे इचिबानचा, बहुतेक भागांत एप्रिल-मे महिन्यांत होते आणि तिच्यात थिॲनिन सर्वांत जास्त असतं. पहिल्या खुडणीचा चहा आणि दुसऱ्या खुडणीचा चहा एकत्र तुलनेला ठेवू नका, खुडणीचीच तुलना करायची असेल तर गोष्ट वेगळी. वाण, प्रांत आणि वर्ष सांगू शकेल असा विक्रेता शोधा. ‘जपानी ग्रीन टी’ एवढंच छापलेलं पाकीट या कामाला उपयोगाचं नाही.

भांडी आणि पाणी

एकसारखे पांढरे चिनीमातीचे वाडगे घ्या, जितके चहा तितके. पांढरा रंग महत्त्वाचा आहे, नाहीतर चहाचा रंग ताडता येत नाही. स्टीलचे पेले या कामाला नकोत. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान वजनकाटा लागेलच. चमच्याने मोजलेला फुकामुशी आणि चमच्याने मोजलेला लांब पानांचा सेन्चा यांच्या वजनात बराच फरक पडतो. थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर उकळतं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की दरवेळी अंदाजे १० अंश उतरतं, या हिशेबावर काम भागतं.

दुसऱ्या फेरीसाठी क्यूसू, म्हणजे बाजूला दांडी असलेली लहान किटली, असावी. तोकोनामेच्या लाल मातीच्या आणि योक्काइचीच्या बांको मातीच्या क्यूसू प्रसिद्ध आहेत. पण तुलनेच्या दिवशी एक चहा मातीच्या क्यूसूत आणि दुसरा काचेच्या भांड्यात असं करू नका.

पाण्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. जपानमधलं नळाचं पाणी बहुतांशी मृदू असतं आणि हा चहा त्याच पाण्यावर जोखून बाजारात येतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पावसाचं पाणी मिळतं, ते मृदूच असतं. क्लोरीनचा वास तेवढा उकळून घालवावा. बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. दख्खनच्या काळ्या खडकातून आलेल्या जड पाण्यात सेन्चाचा रंग मळकट होतो आणि वास दबतो. तिथे शुद्धीकरण यंत्राचं पाणी वापरा, पण क्षार अगदीच काढून टाकलेलं पाणी चव सपाट करतं. ज्यांच्याकडे दोन्ही पाणी आहे त्यांनी एकच चहा दोन पाण्यांत करून पाहावा. ही तुलना फुकट होते आणि फार काही शिकवते.

बैठकीआधी

सकाळी दहा-अकरा किंवा दुपारी चारची वेळ बरी. उपाशीपोटी बसू नये, भरल्या पोटीही नको. ज्या घरात बैठक, तिथे तासभर आधीपासून फोडणी, उदबत्ती, धूप काही नको. येणाऱ्यांना अत्तर लावू नका, पान-सुपारी खाऊन येऊ नका असं आधीच सांगा. तोंड स्वच्छ करायला कोमट पाणी आणि बिनमिठाचे चुरमुरे ठेवा.

कॅफीनचा विचार आधीच करावा. जपानच्या अधिकृत अन्नघटक तक्त्यानुसार सेन्चाच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २० मिलिग्रॅम कॅफीन असतं, कॉफीत ६०, आणि ग्योकुरोत १६०. ग्योकुरो फार कमी पाण्यात करतात म्हणून हा आकडा एवढा मोठा दिसतो. त्याचा कपही घोटभराचाच असतो. तरी ज्यांना झोपेचा त्रास आहे त्यांना ग्योकुरोची बैठक सकाळीच ठेवा. रक्तात लोह कमी असलेल्यांनी जेवणालगत हा चहा टाळावा, कारण कॅटेचिन अन्नातलं लोह शोषू देत नाहीत.

पहिली फेरी: सगळ्यांना सारखं उकळतं पाणी

जपानमध्ये चहाचे परीक्षक ३ ग्रॅम पान पांढऱ्या वाडग्यात घेऊन त्यावर २०० मिलिलिटर उकळतं पाणी ओततात. घरी आपणही हेच करायचं. चांगल्या सेन्चावर उकळतं पाणी ओतताना हात थांबतो, हे खरं. पण या पाण्यात चहाला काही लपवता येत नाही. कोमट पाणी दोष झाकतं.

आधी कोरडी पानं पांढऱ्या बशीत सर्वांसमोर फिरवा. वळण घट्ट आहे का, चकाकी आहे का, देठ किती, भुकटी किती, वास कसा, हे पाहा. मग सगळ्या वाडग्यांत एकामागून एक पाणी ओता आणि घड्याळ लावा. मिनिटभराने जाळीच्या चमच्याने ओली पानं वर उचलून वास घ्या. वास गरम पानातच नीट कळतो, त्यामुळे इथे रेंगाळू नका. चमचा एकाकडून दुसऱ्याकडे पटापट जाऊ द्या. पाच मिनिटांनी ज्या क्रमाने पाणी ओतलं त्याच क्रमाने पानं काढून टाका. रंग पाहा. मग प्रत्येकाने आपल्या लहान पेल्यात दोन-तीन चमचे घेऊन आवाज करत भुरका मारायचा. आपल्याकडे पाहुण्यांत असा आवाज वाईट दिसतो, इथे तो हवाच, कारण भुरक्याबरोबर हवा आत गेली की वास घशामागून नाकात चढतो.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. दोन मिनिटं कोणीही बोलायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं आणि मगच तोंड उघडायचं. जो पहिल्यांदा मोठ्याने ‘अरे, याला समुद्राचा वास आहे’ म्हणतो, त्याच्यानंतर सगळ्यांना समुद्र जाणवू लागतो. ज्येष्ठ किंवा जाणकार माणसाने तर सर्वांत शेवटी बोलावं. हा नियम मोडला की बैठक एका माणसाचं व्याख्यान होते.

काय लिहावं

पहिला गोंधळ कडू आणि तुरट यांचा असतो. कडू म्हणजे कारल्याचा किंवा मेथीदाण्याचा कडूपणा, तो चवीत येतो. तुरट म्हणजे कच्च्या केळ्याने किंवा सुपारीने तोंड कोरडं पडतं ते; ती जिभेला आणि गालाच्या आतल्या बाजूला होणारी जाणीव आहे. चहात कडूपणाला मुख्यतः कॅफीन आणि काही कॅटेचिन कारण असतात, तुरटपणाला कॅटेचिन. हे दोन रकाने वेगळे ठेवलेत तर निम्म्या नोंदी आपोआप नेमक्या होतात. तिसरा रकाना उमामीचा: घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या भागावर भरल्यासारखं वाटतं का, लाळ सुटते का. चौथा गोडव्याचा, पाचवा घोट संपल्यावर किती वेळ चव राहते त्याचा.

वासाला नाव देताना परदेशी चाखणाऱ्यांच्या याद्या पाठ करू नका. चेस्टनट कधी खाल्ला नसेल तर तो शब्द लिहून काय साधणार? हुरडा, ओला हरभरा, उकडलेला पालक, कोवळी मेथी, ओले काजू, भाजलेले शेंगदाणे, पहिल्या पावसानंतरचं गवत हे वास आपल्या नाकात पक्के बसले आहेत. ग्योकुरोला आणि काबुसेचाला झाकणीमुळे जो खास वास येतो, तो मुख्यत्वे डायमिथिल सल्फाइडचा. हेच द्रव्य समुद्री शेवाळाच्या वासात असतं. कोकणात ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवरून चाललेल्याला तो लगेच सापडेल. भाजल्याचा वास मात्र पानाच्या जातीपेक्षा शेवटच्या शेकणीतून येतो. काही चहाव्यापारी जास्त शेकतात, काही कमी. तो वास लागला तर कागदावर वेगळा लिहा.

दुसरी फेरी: प्रत्येकाला त्याच्या मनासारखं पाणी

पहिल्या फेरीत चहाची परीक्षा झाली, आता त्याचा आनंद घ्यायचा. थिॲनिन कमी तापमानालाही पाण्यात उतरतं. कॅटेचिन आणि कॅफीन गरम पाण्यात भराभर उतरतात. तापमान आणि वेळ यांनीच चव घडते.

सेन्चासाठी ५ ग्रॅम पान, १८० मिलिलिटर पाणी, ७० अंश, एक ते दीड मिनिट. फुकामुशीला तेच पाणी, पण ४० सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका; बारीक पान झपाट्याने उतरतं. काबुसेचाला ६० ते ६५ अंश, दीड मिनिट. ग्योकुरोला ८ ग्रॅम पान, ८० मिलिलिटर पाणी, ५० अंश आणि दोन ते अडीच मिनिटं. क्यूसू हलवू किंवा ढवळू नका, पानं स्वतः उलगडू द्या. ओतताना सगळ्या कपांत थोडं थोडं फिरवून ओता, मग उलट्या क्रमाने परत या, म्हणजे सर्वांना सारखाच चहा मिळतो. शेवटचा थेंबही काढा. पाणी मागे राहिलं तर दुसरा हात, म्हणजे त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतून केलेला चहा, कडू होतो.

दोन हातांच्या मध्ये झाकण जरा तिरकं ठेवावं, नाहीतर पानं आतल्या वाफेत शिजतात. दुसऱ्या हाताला पाणी ८० अंश आणि वेळ जेमतेम १०-१५ सेकंद. पानं आधीच उलगडलेली असतात. तिसऱ्याला आणखी गरम. दुसरा हात पहिल्यापेक्षा आवडला असं सांगणारे बैठकीत नेहमी निघतात. त्यांचं मत कमी धरू नका, त्यांना तुरटपणा हवा असतो इतकंच. ग्योकुरोची उरलेली पानं जपानमध्ये पोंझू (सोया सॉस आणि आंबट फळाचा रस) घालून खातात. आपण थोडं मीठ आणि लिंबू पिळून खावीत, कोवळ्या पालेभाजीसारखी लागतात.

गोड खायचं ते दुसऱ्या फेरीत. साधी नारळाची वडी सेन्चाबरोबर छान जाते. वेलदोडा आणि केशर असलेलं काही नको, पुढचा चहा त्याच वासाचा होतो.

ओळखण्याचा खेळ

दोन-तीन बैठका झाल्या की खेळ सुरू करा. सोपा प्रकार तीन पेल्यांचा: दोन पेल्यांत एकच चहा, तिसऱ्यात वेगळा, आणि वेगळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतो, म्हणून एका फेरीवर कोणाला जाणकार ठरवू नका. पेल्यांची जागा बदलून पुन्हा करा.

खरा खेळ जपानमध्ये कित्येक शतकं चालत आला आहे. चौदाव्या शतकात तोचा नावाच्या चहाच्या स्पर्धा होत. क्योतोजवळच्या तोगानोओचा चहा तेव्हा ‘होन्चा’, म्हणजे अस्सल, मानत आणि बाकी सगळा ‘हिचा’, म्हणजे अस्सल नसलेला. पेल्यात कोणता, ते ओळखायचं. यावर पैजा इतक्या लागत की १३३६ च्या केन्मु शिकिमोकु या फर्मानात अशा चहाबैठकांना आळा घातलेला दिसतो. गुन्मा प्रांतातल्या नाकानोजोमधल्या शिराकुबो वस्तीत चहा ओळखण्याची अशी बैठक आजही दरवर्षी फेब्रुवारीत भरते.

चहाच्या प्रदेशांत आज खेळतात त्या प्रकाराला चाकाबुकी म्हणतात. पाच चहा घेतात, बहुधा काही ग्योकुरो, काही सेन्चा. त्यांना फूल, पक्षी, वारा, चंद्र आणि पाहुणा अशी नावं देतात. आधी पाचही चहांची कोरडी पानं सर्वांना पाहायला, हुंगायला मिळतात. मग यजमान आडोशाला एक चहा करून आणतो, सांगत नाही कोणता. प्रत्येकाने चाखून आपल्याकडच्या पाच चिठ्ठ्यांपैकी एक पेटीत टाकायची. टाकलेली चिठ्ठी परत घेता येत नाही. मग दुसरा चहा, तिसरा, असं पाचव्यापर्यंत. निकाल शेवटी एकदमच.

खेळ दिसतो त्याहून अवघड आहे. चंद्राच्या जागी चुकून वारा टाकलात, तर पुढे खरा वारा समोर येईल तेव्हा ती चिठ्ठी हातात नसते. त्यामुळे एका चुकीबरोबर दुसरी चूक ठरलेलीच, आणि पाचपैकी चार गुण कोणालाच मिळू शकत नाहीत. घरी करताना ३ ग्रॅम, २०० मिलिलिटर, उकळतं पाणी आणि दीड मिनिट असं प्रमाण ठेवा. नवख्यांसोबत खेळताना पाच चहा लांबलांबचे घ्या. मुरलेल्या गटात पाचही सेन्चाच ठेवा. यजमानाचं काम दरवेळी वेगळ्याकडे द्या, कारण चहा करणाऱ्याला खेळता येत नाही.

उरलेला चहा

हे चहा महाग पडतात, म्हणून गटाने मिळून मागवावे. शक्यतो मोठं पाकीट उघडून वाटण्याऐवजी लहान बंद पाकिटं घ्या. उघडलेला सेन्चा तीन-चार आठवड्यांत संपवावा. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात उघडं पाकीट ओट्यावर राहिलं तर पान आठवड्यातच सादळतं. न उघडलेली पाकिटं फ्रीजमध्ये चालतात, मसाल्यांपासून दूर, दुहेरी पिशवीत. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. अर्धा दिवस खोलीत राहू द्या, नाहीतर थंड पानांवर हवेतलं बाष्प धरतं.

जुना झालेला, वास गेलेला सेन्चा टाकू नका. कोरड्या लोखंडी कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजा. देठ फुगतील, धूर दिसण्याआधी तांबूस रंग येईल, तेव्हा लगेच ताटात पसरून गार करा. हा घरचा होजिचा. उकळतं पाणी, अर्धं मिनिट. पुढच्या बैठकीला तो विकतच्या होजिचाशेजारी ठेवा, आणि दोघांनी दोन वेगळ्या रंगांपर्यंत भाजून आणला असेल तर तीन वाडगे मांडा.